सिझेरियन : गरज कोणाची, सोय कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



जमीन, सहकार, शिक्षण, रोजगार अशा विषयांच्या ओळीत सिझेरियन बाळंतपणाचा विषय पाहून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. काल संध्याकाळी एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारलेच, "बाई, हा तर डॉक्टरांचा प्रश्न. यात आपण राजकारणातल्या माणसांनी काय बोलायचे?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर म्हणूनच मी आज बोलणार आहे. मी स्वतः डॉक्टर आहे. सरकारी ग्रामीण रुग्णालयांत माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवातून माझे असे मत झाले आहे, की कोणत्या बाईचे पोट फाडले जाईल आणि कोणत्या बाईला गरज असूनही शस्त्रक्रिया मिळणार नाही, हे केवळ तिच्या शरीरावरून ठरत नाही. तिच्या घरची मिळकत, तिच्या गावापासून रस्त्याचे अंतर, तिच्या लग्नाचे वय आणि ती कोणत्या दाराने दवाखान्यात शिरते, यांवरूनही ते ठरते. आणि जे समाजरचनेवरून ठरते, तो राजकारणाचा विषय असतोच.

दोन स्त्रियांची हकीकत सांगते. दोघी एकाच तालुक्यातल्या. पहिली ऊसतोड मजुराची बायको. सोळाव्या वर्षी लग्न झालेली, अंगाने किरकोळ, उंचीने जेमतेम साडेचार फूट. फडावरच कळा सुरू झाल्या. उचल घेतलेली असल्याने खाडा परवडणारा नव्हता, म्हणून पहिला दिवस कोपीतच गेला. दुसऱ्या रात्री ट्रॅक्टरमधून तिला आमच्या रुग्णालयात आणले. मूल अडलेले होते. शस्त्रक्रियागृह होते, दिवे होते, मी होते. पण भूलतज्ज्ञाची जागा दोन वर्षे रिकामी होती आणि रक्ताची एक पिशवीही हाताशी नव्हती. तिला साठ किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले. वाटेत गर्भाशय फाटले. बाई वाचली, मूल गेले आणि पिशवीही गेली. तिचे वय तेव्हा एकोणीस होते.

दुसरी तालुक्याच्या गावातली, एका कारकुनाची पत्नी. वय चोवीस, प्रकृती ठणठणीत, मूल सरळ, वजन बेताचे. शनिवारी दुपारी तिला एका खाजगी प्रसूतिगृहात नेले. रात्री नऊ वाजता नवऱ्याला बाहेर बोलावून सांगण्यात आले, "पाणी कमी झाले आहे, नाळेचा वेढा आहे, थांबलो तर आमची जबाबदारी नाही." अशा वेळी कोणता नवरा नाही म्हणेल? त्याने सही केली. पुढे तीन वर्षांनी तीच बाई दुसऱ्या खेपेला माझ्यासमोर आली, तेव्हा वार पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर घट्ट रुजलेली होती. चार पिशव्या रक्त चढवून कशीबशी वाचली. तिचे पहिल्या वेळचे कागद मी पाहिले. वाट पाहायला हरकत नव्हती, असे माझे तेव्हा मत झाले आणि आजही तेच आहे.

एकीला हवी होती ती शस्त्रक्रिया मिळाली नाही. दुसरीला नको होती ती झाली. ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगून ठेवते. सिझेरियन ही शस्त्रक्रिया वैद्यकशास्त्राने स्त्रीला दिलेले वरदान आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, मूल आडवे असेल, नाळ आधी बाहेर पडली असेल, आईच्या कटीतून मूल उतरूच शकत नसेल, तर सुईणीचे कसब आणि घरच्यांचे नवस दोन्ही निरुपयोगी ठरतात. तेथे चाकू हाच देव. जुन्या काळी आपल्याकडे बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असे म्हणत, ते उगाच नव्हे. तेव्हा 'पूर्वीच्या बायका शेतात बाळंत होऊन पुन्हा कामाला लागत' अशी जी कौतुके आपण ऐकतो, त्यांत त्या बाळंतपणात मेलेल्या बायकांची गणती नसते, हे विसरू नका.

आता ही शस्त्रक्रिया कोणाला लागण्याचा संभव अधिक, ते पाहू. पहिलटकरणीला तो नंतरच्या खेपांपेक्षा अधिक. पस्तिशीनंतरच्या गर्भारपणात अधिक. मूल पायाळू असेल, जुळी असतील तर अधिक. आईला रक्तदाबाचा विकार किंवा गरोदरपणातला मधुमेह असेल, तिचे वजन फार असेल, तर अधिक. तिची उंची फार कमी, म्हणजे १४५ सेंटिमीटरच्या आत असेल, तर कटी अरुंद असण्याची आणि मूल अडण्याची भीती अधिक. आणि या सर्वांहून मोठे कारण म्हणजे आधीचे सिझेरियन. एकदा पोटावर रेघ पडली, की पुढच्या खेपेला पुन्हा तीच वाट धरण्याकडे डॉक्टरांचा आणि कुटुंबाचा कल होतो. खरे पाहता, आधी सिझेरियन झालेल्या अनेक स्त्रिया योग्य देखरेखीखाली नैसर्गिकपणे बाळंत होऊ शकतात. पण त्यासाठी रात्रभर जागे असलेले, तातडीची शस्त्रक्रिया करू शकणारे रुग्णालय लागते. ते नसते, म्हणून पहिली अनावश्यक शस्त्रक्रिया दुसऱ्या आवश्यक शस्त्रक्रियेला जन्म देते.

ही यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. पण ती जरा निरखून पाहा. उंची कमी का राहते? आनुवंशिकता आहेच, परंतु बालपणीची उपासमार हेही तितकेच खरे कारण आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आपल्या प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात, पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यांतील मुली उद्याच्या माता आहेत. त्याच पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते, आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. रक्तक्षय असलेल्या बाईला शस्त्रक्रियेतला रक्तस्राव सोसत नाही. म्हणजे जिला चाकूची गरज पडण्याचा संभव अधिक, तिलाच तो चाकू सर्वांत घातक. पाठ्यपुस्तक याला 'जोखीम' म्हणते. आपण त्याला त्याच्या खऱ्या नावाने, अन्याय म्हणून, ओळखले पाहिजे.

आणि आता ज्या कारणाचा उल्लेख जुन्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, त्याकडे वळते. २००५-०६ साली भारतात शंभरांतील सुमारे साडेआठ बाळंतपणे सिझेरियनने झाली होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ झाले आणि २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात ते २०.१ वरून २५.४ वर गेले. पंधरा वर्षांत भारतीय स्त्रीची कटी काही अरुंद झाली नाही. लग्नाचे वय थोडे वाढले, मधुमेह आणि स्थूलता वाढली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली, आणि पूर्वी ज्या मेल्या असत्या अशा कितीतरी स्त्रिया आता वाचल्या, हे सर्व मान्य. पण त्याच पाचव्या सर्वेक्षणातले आणखी दोन आकडे शेजारी ठेवा : सरकारी संस्थांतील बाळंतपणांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगी संस्थांत ४७.४ टक्के. तिपटीहून अधिक. खाजगीत जाणाऱ्या स्त्रिया काही अंशी अधिक वयाच्या आणि अधिक वजनाच्या असतील. पण गुंतागुंतीच्या, हाताबाहेर गेलेल्या बाळंतिणी शेवटी सरकारी रुग्णालयांच्याच दारात टाकल्या जातात, हेही तुम्ही जाणता. मग हा फरक शरीराचा कसा म्हणावा? बाई कोणत्या दाराने आत शिरली, हीच आज आपल्या देशातली एक मोठी 'जोखीम' होऊन बसली आहे.

राज्याराज्यांतला फरकही असाच बोलका आहे. याच सर्वेक्षणात तेलंगणात हे प्रमाण ६०.७ टक्के होते आणि नागालँडमध्ये ५.२. बिहारमध्ये ९.७. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील बैठकीनंतर असे म्हटले होते, की कोणत्याही प्रदेशात हे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांहून अधिक असण्याला आधार नाही. २०१५ साली त्या संघटनेने आपली भूमिका अधिक नेमकी केली : समाजातले प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढते तोवर माता आणि नवजात बालकांचे मृत्यू घटतात, त्यापुढे ते वाढले म्हणून मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. त्याचबरोबर संघटनेने हेही बजावले, की विशिष्ट आकडा गाठण्याची धडपड न करता, जिला गरज आहे त्या प्रत्येक स्त्रीला शस्त्रक्रिया मिळेल हे पाहा. ही दुसरी सूचना आपण विशेष लक्षात ठेवली पाहिजे. नाहीतर उद्या एखादा उत्साही अधिकारी रुग्णालयांना 'सिझेरियन कमी करा' असा फतवा काढील, आणि त्याचा बळी माझ्या त्या पहिल्या बाईसारखी बाई ठरेल.

मग हे का घडते? खाजगी डॉक्टरांचा लोभ, असे एका शब्दात उत्तर देऊन टाळी मिळवणे सोपे आहे. लोभ आहेच. नैसर्गिक बाळंतपणाला बारा-अठरा तास बसून राहावे लागते आणि पैसे कमी मिळतात. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते आणि बिल कितीतरी पटींनी वाढते. जेथे सेवा हा बाजार होतो, तेथे वेळ हा खर्च होतो आणि धीर हा तोटा होतो. परंतु मी माझ्या व्यवसायबंधूंना ओळखते. त्यांतील बहुतेक दुष्ट नाहीत. तालुक्याच्या गावात एकटा डॉक्टर दवाखाना चालवतो. भूल देणारा दुसऱ्या गावाहून येतो. रात्री दोन वाजता मूल घुसमटले तर तो मिळेल याची शाश्वती नाही. म्हणून तो रात्री नऊलाच निर्णय घेऊन मोकळा होतो. काही अघटित घडले तर दवाखान्याची मोडतोड होईल, कोर्टात खेचतील, ही भीतीही त्याच्या पाठीशी असते. शस्त्रक्रिया केल्याबद्दल कोणी दोष देत नाही; न केल्याबद्दल मात्र देतात.

आणि येथे मला स्वतःचीही झडती घेतली पाहिजे. एका ग्रामीण रुग्णालयात माझ्याकडे भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येत असे आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने परत जात असे. एका पहिलटकरणीच्या कळा मंद होत्या. मुलाचे ठोके उत्तम होते. थांबले असते तर पहाटेपर्यंत ती बहुधा मोकळी झाली असती. पण पहाटे गरज पडली असती तर मी काय केले असते? पाच वाजता मी शस्त्रक्रियेला सुरुवात केली. मला एक पैसाही मिळायचा नव्हता. त्या बाईचे पोट लोभाने नव्हे, एका रिकाम्या जागेने फाडले. म्हणून मी म्हणते, अतिरेक आणि अभाव ही एकाच रोगाची लक्षणे आहेत. सार्वजनिक व्यवस्था पंगू ठेवली, की गरिबाला काहीच मिळत नाही आणि ज्याला थोडे परवडते त्याला नको तितके मिळते.

स्त्रियांच्या बाजूनेही एक कारण आहे आणि त्याबद्दल बोलताना आपण, विशेषतः पुरुष कार्यकर्त्यांनी, जपून बोलले पाहिजे. अनेक शिकलेल्या मुली आज स्वतः होऊन म्हणतात, "आम्हाला कळा नकोत, सरळ शस्त्रक्रिया करा." त्यांना 'नाजूक' म्हणून हिणवणारे बुजुर्ग घरोघरी आहेत. पण त्या मुली कशाला भितात? आपल्या अनेक प्रसूतिकक्षांत कळा देणाऱ्या बाईला एकटे टाकतात, तिच्यावर खेकसतात, प्रसंगी चापट मारतात, आडपडदा न ठेवता तपासतात. वेदना कमी करणारे उपाय शास्त्राला माहीत आहेत, पण ते तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ज्या दारात अपमान आहे त्या दारातून जाण्यास तिने नकार दिला, तर दोष दाराचा की तिचा? वेदना सोसणे हा स्त्रीधर्म आहे असे सांगून सिझेरियन कमी करणे, हा आपला मार्ग असूच शकत नाही. तिच्या शरीराविषयीचा निर्णय तिचाच आहे. मात्र निर्णय म्हणजे पूर्ण माहितीनंतर, भीतीवाचून घेतलेला निर्णय. रात्री नऊ वाजता, घाबरलेल्या नवऱ्याकडून, न वाचता घेतलेली सही ही संमती नव्हे.

ती माहिती कोणती? शस्त्रक्रियेत रक्त अधिक जाते, जंतुसंसर्गाची भीती अधिक असते, बरे व्हायला वेळ लागतो, मजुरी बुडते. दिवस पुरे भरण्यापूर्वी, केवळ मुहूर्त साधण्यासाठी किंवा सोयीसाठी मूल बाहेर काढले तर त्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो. पुढच्या प्रत्येक गर्भारपणात वार व्रणावर रुजण्याची आणि गर्भाशय फाटण्याची भीती वाढत जाते. मानेभोवती नाळेचा वेढा कितीतरी मुलांना असतो आणि त्यांतील बहुतेक सुखरूप जन्मतात. कळांचा वेगही प्रत्येकीचा निराळा. गर्भाशयाचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडक पुष्कळ स्त्रियांना लागू पडत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

बाईच्या शरीराचा बाजार कोठवर जाऊ शकतो, हे आपण बीड जिल्ह्यात पाहिले आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढण्याचे प्रकरण २०१९ साली पुढे आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मजुरी बुडू नये म्हणून अवयव काढून टाकण्याची पाळी ज्या व्यवस्थेत येते, त्याच व्यवस्थेत सिझेरियनचा हा प्रश्नही आहे. दोन्हीकडे औषध शास्त्राचे आहे; मात्रा ठरवतो बाजार.

तेव्हा उपाय काय? उपाय अज्ञात नाहीत. डॉ. मायकेल रॉबसन यांनी २००१ साली बाळंतिणींची दहा गटांत विभागणी करण्याची एक साधी रीत मांडली : पहिली खेप की नंतरची, मूल एक की अधिक, सरळ की पायाळू, आधीचे सिझेरियन आहे की नाही, इत्यादी. जागतिक आरोग्य संघटनेने ती २०१५ मध्ये सर्वत्र वापरण्याची शिफारस केली. तिचा फायदा असा, की 'आमच्याकडे गुंतागुंतीच्याच केसेस येतात' ही सबब उरत नाही; निरोगी पहिलटकरणींच्या गटात तुम्ही किती शस्त्रक्रिया करता, ते उघडे पडते. दर महिन्याला असा हिशेब मांडणे, निर्णयापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, दोन्ही प्रकारच्या बाळंतपणांना सारखेच शुल्क ठेवणे, कळांच्या वेळी बाईच्या पसंतीचे माणूस जवळ असू देणे, आणि प्रशिक्षित प्रसूतिसेविकांच्या हाती नैसर्गिक बाळंतपण सोपवणे, हे ते उपाय. प्रसूतिसेविकांच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढली. सोबतीणीची तरतूद 'लक्ष्य' या २०१७ च्या कार्यक्रमात आहे. २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेत सिझेरियनसह सर्व बाळंतपण, औषधे, रक्त, आहार आणि वाहन विनामूल्य आहे. कागद उत्तम आहेत. कागदाला हातपाय फोडणे हे आपले काम आहे.

म्हणून शिबिरातून परत जाताना प्रत्येकाने आपल्या तालुक्यापुरती चार कामे पदरी बांधून घ्यावीत. एक : ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती भरल्या आहेत, रक्तसाठा आहे की नाही, याची माहिती अधिकारात मागणी करा आणि तो तक्ता ग्रामसभेत वाचा. दोन : रुग्ण कल्याण समितीत आपला माणूस असेल तर त्याने प्रसूतिकक्षात सोबतीण आणि आडपडदा, या दोन गोष्टींचा पाठपुरावा करावा. तीन : महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले आहे, ती लागली आहे का ते पाहा, आणि त्याशेजारी सिझेरियनचे प्रमाणही लावावे अशी मागणी करा. २०१७ साली मुंबईच्या एका स्त्रीने लोकांच्या सह्या गोळा करून ही मागणी दिल्लीपर्यंत पोहोचवली होती. एकटी व्यक्ती जे करते ते संघटनेला जड नसावे. चार : आशा कार्यकर्तींच्या मदतीने गरोदर स्त्रियांच्या बैठका घ्या आणि त्यांना केवळ एक प्रश्न विचारायला शिकवा : "डॉक्टर, आता थांबलो तर मला नेमका कोणता धोका आहे आणि बाळाला कोणता?" हा प्रश्न नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारला, तर पुष्कळ चाकू आपोआप थबकतील. आणि धोका खरा असेल तर त्याचे उत्तर मिळेल. मग क्षणाचाही विलंब करू नका.

पाचवे काम मी वेगळे सांगत नाही. ते आपले नेहमीचेच आहे. मुलीच्या ताटात भावाइतकीच भाकरी, तिची शाळा, तिचे अठरा वर्षांनंतरचे लग्न, फडावरच्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा. सुरक्षित बाळंतपणाची तयारी कळा सुरू झाल्यावर होत नसते. ती बाई स्वतः पाळण्यात असते तेव्हापासून करावी लागते.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलीने जिल्हा रुग्णालयातून परतल्यावर मला एकच प्रश्न विचारला होता : "बाई, दवाखाना तर एवढा मोठा बांधला होता, मग डॉक्टर का नव्हता?" तिला तेव्हा मी उत्तर देऊ शकले नाही. कालच्या त्या तरुण मित्राला माझे एवढेच सांगणे आहे, की तिच्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. ते तुमच्या-माझ्याकडे आहे.